परकीय भाषेच्या वर्गात संख्यांच्या सरावासाठी पत्त्यांचे कोणते डाव घ्यावेत?

प्रश्न (भुसावळ, जर्मन शिक्षिका)
नमस्कार. माझे विद्यार्थी एकपासून शंभरपर्यंतच्या जर्मन संख्या एका दमात म्हणतात. परंतु मधलीच एखादी संख्या विचारली की मनातल्या मनात पुन्हा पहिल्यापासून मोजत तिथवर येतात, आणि सत्तावीस व बहात्तर यांची तर हटकून अदलाबदल करतात. पत्त्यांच्या डावांतून सराव घ्यावा असे वाटते. मात्र आपल्याकडे पत्ते म्हटले की पालकांना आखाजीचा (अक्षय्य तृतीयेच्या सणाचा) जुगार आठवतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (धुळे)
मॅडम, बदाम सातपासून सुरुवात करावी. हा डाव मुलांना बहुधा घरूनच ठाऊक असतो, त्यामुळे नियम समजावण्यात तास जात नाही. पान टाकताना त्याचा रंग आणि आकडा जर्मनमध्ये उच्चारायचा, आणि न बोलता टाकलेले पान परत उचलायचे, एवढाच नियम वाढवावा. बदाम म्हणजे हेर्त्स, चौकट कारो, इस्पिक पीक आणि किलवर क्रॉइत्स. सत्तीच्या वर अठ्ठी आणि खाली छक्की अशी दोन्ही बाजूंनी, चारही रंगांत पाने लागत जातात. तिथे पाठ केलेली साखळी उपयोगी पडत नाही.

उत्तर (नंदुरबार)
पालकांची शंका रास्त आहे. पुठ्ठ्याची, केवळ अंक लिहिलेली पाने मुलांकडूनच करून घ्यावीत आणि पैशांचा उल्लेख गमतीनेही होऊ देऊ नये.

उत्तर (जळगाव)
बदाम सात चांगलाच, पण त्यातून दहाच्या पुढे जाता येत नाही आणि मॅडमची खरी अडचण तिथेच आहे. गुलाम, राणी, राजा व दश्शी बाजूला काढावेत. पहिल्या फेऱ्यांत एक्काही नको, कारण अकरा व बारा यांना जर्मनमध्ये स्वतंत्र शब्द आहेत आणि सोळा-सतरामध्ये सहा व सात यांची रूपे आखूड होतात. एकाने दोन पाने लपवून धरावीत, पहिले दशकाचे व दुसरे एककाचे मानून संख्या उच्चारावी, आणि समोरच्याने ऐकून तीच पाने मांडावीत. जर्मनमध्ये एकक आधी ऐकू येतो, म्हणून ते पान आधी उजवीकडे ठेवायचे आणि मग डावीकडे दशक. आपल्या 'बहात्तर'मध्येही दोन आधीच येतात. गोंधळ बहुतेकदा इंग्रजीच्या क्रमामुळे होतो, तेव्हा सरावात इंग्रजी मध्ये आणू नये. चौघांचा गट असावा, म्हणजे प्रत्येकाची पाळी लवकर येते.

प्रश्नकर्ती
आभारी आहे, सर. एकोणतीस, एकोणचाळीस यांचे काय करावे? मुले लगेच पुढच्या दशकाकडे वळतात.

उत्तर (जळगाव)
त्यांच्यासाठी मराठी नावाचा आधार सोडावा लागतो, कारण जर्मनमध्ये तिथे 'नऊ आणि वीस' असेच म्हणतात. चारही नव्व्या एककासाठी राखून फक्त दशकाची पाने बदलत न्यावीत. मुले पानाकडे पाहून बोलू लागली की 'तीस' त्यांच्या तोंडी येत नाही.