धारवाल्याच्या पिशवीतल्या सुऱ्या: जमावाला आधीच तयार कोण करून ठेवतं?

गंगाघाट

मागच्या मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या गल्लीत एक धारवाला आला. सायकल स्टँडवर उभी करायची, पायडल मारायचं आणि पुढच्या दगडी चाकावर सुऱ्या, कात्र्या, विळ्या लावून द्यायच्या, तो. चार-पाच घरांतून त्याने सुऱ्या गोळा केल्या आणि कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली बसला. पंधरा मिनिटांत कॉलनीच्या ग्रुपवर त्याचा फोटो पडला. खाली मजकूर: ‘मुलं पळवणारी टोळी शहरात फिरत आहे, सावध राहा.’

मी खाली उतरलो तेव्हा तीस-चाळीस जण जमले होते. कुणीतरी नाव विचारलं. त्याने सांगितलं. नाव ऐकल्यावर दोघं-तिघं एकमेकांकडे बघायला लागले आणि आवाज चढला. एकाने त्याची पिशवी उलटी केली. सहा-सात सुऱ्या फरशीवर पडल्या. ‘हे बघा, हत्यारं!’ त्या गर्दीत समोरच्या काकू घुसल्या आणि ओरडल्या, ‘अरे, ती निळ्या मुठीची माझी आहे! भाजी चिरायची!’ तोवर त्याला दोन थपडा बसल्या होत्या. काकू ओरडल्या नसत्या तर काय झालं असतं, ते मला नीट माहीत आहे. १ जुलै २०१८ ला शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला ते झालंय. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले. आठवडी बाजाराच्या दिवशी मुलं पळवणारे समजून त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं.

पण मला अडकवून ठेवलंय ते एका वाक्याने. थप्पड मारणारा मुलगा माझ्या ओळखीचा आहे, सरळमार्गी, अंबडला कामाला जातो. मी त्याला विचारलं, का रे मारलंस? तो म्हणाला, ‘काका, रोज टीव्हीवर दाखवतात ना, हे लोक कसे असतात.’

माझं म्हणणं एवढंच, की अफवा दहा मिनिटांची असते, पण तिच्यावर विश्वास बसावा म्हणून जमीन वर्षानुवर्षं नांगरलेली असते. सभेत ‘घुसखोर’, ‘लोंढे’, ‘त्यांना जागा दाखवा’ म्हणणारे पुढारी आणि रात्री नऊला तेच शब्द पट्टीवर फिरवणारी चॅनेलं या मारहाणीतून हात झटकू शकत नाहीत. तुम्हाला काय वाटतं?

रोखठोक_देवळाली

धारवाल्याबद्दल वाईट वाटलं. पण तुमचा निष्कर्ष पटला नाही. तेच चॅनेल कोट्यवधी लोक बघतात, ते कुणाच्या कानाखाली मारत नाहीत. ज्याने हात उचलला, दोष त्याचा. तुम्ही त्याला ‘सरळमार्गी’ म्हणून सोडून देता आणि दोष स्टुडिओत बसलेल्याला देता. उद्या प्रत्येक आरोपी कोर्टात हेच सांगेल, की साहेब, मला टीव्हीने भरीस घातलं.

दुसरं, मुलं हरवतात हे खरं आहे. आईबापाच्या भीतीला द्वेष म्हणू नका.

तिसरं, पालघरला साधूंना मारलं तेव्हा असे धागे मला दिसले नव्हते.

गंगाघाट

पालघरचं तुम्ही काढलंत ते बरं झालं. १६ एप्रिल २०२०, गडचिंचले. दोन साधू आणि त्यांचा चालक. त्या चालकाची आठवण फारशी कुणी काढत नाही, तोही माणूसच होता. कारण तेच, मुलं चोरणारे आल्याची अफवा. साधूंना समाधी दिली ती आपल्या त्र्यंबकेश्वरात. त्या बातमीने मी दोन रात्री झोपलो नव्हतो.

आणि नंतर काय झालं ते आठवा. काही चॅनेलांनी त्याला दोन धर्मांचं भांडण करून टाकलं. शेवटी गृहमंत्री अनिल देशमुखांना जाहीर सांगावं लागलं, की अटक केलेल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नाही. साधूंना न्याय मिळावा म्हणून हा आरडाओरडा होता, असं मला नाही वाटत. तीन माणसांच्या मरणावर आणखी एका दंगलीची तयारी चालली होती.

भीती खरी असते, मान्य. पण ती कुणावर काढायची, ते कुणीतरी शिकवतं. ऑक्टोबर २०१६ चं तळेगाव अंजनेरी विसरलात? पाच वर्षांच्या मुलीवर अत्याचाराचा प्रयत्न झाल्याची तक्रार होती, संशयित मुलगा पोलिसांच्या ताब्यात होता. तरी मुलगी गेल्याचे खोटे मेसेज फिरले, एसट्या जळाल्या, जिल्ह्यात इंटरनेट बंद करावं लागलं, आणि गावोगावच्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले. त्या वस्त्यांतल्या लोकांनी काय केलं होतं? आडनावं सारखी होती, एवढंच.

सातपूर_शिफ्ट

मी दोन्ही बाजूंनी बोलू शकतो, कारण २००८ ला मी दुसऱ्या बाजूला होतो.

तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, आयटीआय करून सहा महिने घरी बसलेलो. कंपन्यांचे ठेकेदार बाहेरची पोरं घेत होते, कारण ती बारा तास राबायची आणि पीएफ मागायची नाहीत. मनसेची भाषणं ऐकली की वाटायचं, कुणीतरी आपलं बोलतंय. तो राग खोटा नव्हता, हे मी आजही सांगतो. पण राग ठेकेदारावर जायला हवा होता. भाषणात ठेकेदाराचं नाव कधी आलं नाही, भय्याचंच आलं.

फेब्रुवारीत राज ठाकरेंना अटक झाली, त्या दिवशी नाशकात एचएएल या विमान कारखान्याच्या कामगारांच्या बसवर दगड पडले. दगड लागून एक जण गेला. मराठी माणूस. उत्तरेकडचे हजारो कामगार नाशिकरोडवरून मिळेल त्या गाडीने निघून गेले. आमच्या गल्लीत एका खोलीत सहा बिहारी पोरं राहायची. त्यांचं दार सताड उघडं, आत स्टोव्हवर अर्धी शिजलेली डाळ. डाळ टाकून माणूस पळतो तेव्हा तो किती घाबरलेला असेल, याचा विचार मी तेव्हा केला नाही. मला त्या आठवड्यात काम मिळालं, आणि मी खूश होतो.

मी दगड मारला नाही. पण मारणाऱ्यांच्या मागे उभं राहून शिट्ट्या मारल्या आहेत. त्या भाषणांशिवाय मी तिथे नसतो.

कॉलेजरोड

सातपूर_शिफ्ट, हे लिहायला धाडस लागतं.

रोखठोक_देवळाली

सातपूर_शिफ्टचं प्रामाणिक आहे. पण त्यांनीच माझा मुद्दा मांडलाय: राग खरा होता. तो बोलून दाखवणारा पुढारीच बंद केला तर राग कुठे जाईल?

आणि बंद करणार कोण? चिथावणीला पूर्वीचं १५३ अ होतं, आता न्याय संहितेचं कलम १९६ आहे. ते वापरायचं की नाही, हे ठरवतं पोलिस खातं, आणि पोलिस खातं सरकारचं. सरकार कुणाचंही असो, आपल्या माणसाच्या भाषणाची क्लिप तपासाला जाते आणि विरोधकाच्या पोस्टवर रात्रीत गुन्हा दाखल होतो. आज तुमच्या नावडत्या माणसाचं तोंड बंद कराल, उद्या तेच कलम तुमच्या या धाग्यावर लागेल. त्यापेक्षा हात उचलणाऱ्याला शिक्षा करा. १ जुलै २०२४ पासून पाच किंवा जास्त जणांनी जात, समुदाय, भाषा असल्या कारणावरून जीव घेतला तर फाशी किंवा जन्मठेप आहे, कलम १०३(२). ते राबवा.

जुना_वार्ताहर

बावीस वर्षं बातम्यांच्या डेस्कवर काढली, म्हणून थोडं आतलं सांगतो.

खोटी बातमी द्यावी लागतच नाही. एक शब्द पुरतो. चोरी करताना चार जण सापडले तर ‘चौघांना अटक’ आणि ‘परप्रांतीय टोळी जेरबंद’ या दोन्ही ओळी खऱ्याच ठरतात. पहिली वाचून माणूस पान उलटतो, दुसरी वाचून शेजाऱ्याकडे बघतो. शेवटी प्रश्नचिन्ह लावलं की जबाबदारी संपली, असं आम्ही मानायचो. मीही लावली आहेत. त्या ओळी कोण वाचतं आणि त्याच्या हातात काय असतं, याचा विचार डेस्कवर होत नाही. दुसऱ्या पेपरने काय लावलंय, याचा होतो.

कोरोनाच्या पहिल्या लाटेत तबलिगी जमातीवरून जे चाललं, ते आठवा. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि माध्यमांतून त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार झाला, त्यांना बळीचा बकरा केलं गेलं, अशा अर्थाचं स्पष्ट लिहिलं. त्या निकालाला किती जागा मिळाली? दरम्यान कितीतरी गावांत भाजीवाल्याचं नाव विचारून मग भाजी घेतली गेली.

रोखठोक, ‘कोट्यवधी बघतात, मारत नाहीत’ यावर. रवांडात १९९४ ला आरटीएलएम नावाचं एक रेडिओ स्टेशन होतं. गाणी, गप्पा, विनोद, लोकांना आवडायचं. त्याच आवाजात तिथल्या तुत्सी समाजाच्या लोकांना ‘झुरळं’ म्हणायचे. कत्तल सुरू झाल्यावर माणसांची नावं आणि गाड्यांचे नंबर वाचून दाखवले. शंभर दिवसांत सुमारे ८ लाख माणसं गेली. ऐकणाऱ्या प्रत्येकाने कोयता उचलला नाही, हे खरं. पण ज्यांनी उचलला त्यांना अडवायला शेजारी उठला नाही, कारण झुरळाला वाचवायला कोण उठतं? २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्या माध्यमवाल्यांना दोषी ठरवलं. अपिलात शिक्षा कमी झाल्या, काही आरोप गळाले, पण दोषमुक्ती मिळाली नाही.

नाशिक म्हणजे रवांडा नाही. पण शब्द कसा काम करतो, ते तेच आहे.

त्र्यंबकचा

आमच्या गावाचं सांगतो. मे २०२३. संदलच्या, म्हणजे मुसलमानांच्या उरुसाच्या मिरवणुकीतली काही माणसं मंदिराच्या दाराशी आली, सुरक्षारक्षकांनी थांबवलं. देवस्थानाकडून तक्रार झाली, एसआयटी (विशेष तपास पथक) नेमली गेली. दोन दिवस सगळी चॅनेलं दारात. ‘मंदिरात घुसखोरी.’ गावातली जुनी माणसं सांगत होती, की पायरीवरून धूप दाखवून पुढे जायची रीत आहे. ते ऐकायला माईक नव्हता. फुलं विकणाऱ्या, लॉज चालवणाऱ्या आमच्यासारख्यांचे मात्र दिवस बुडाले. शेवटी गावाने बसून शांतता बैठक केली, भांडण आत मिटवलं.

पंचवटीकर

दादा, अशी प्रथाच नाही म्हणणारेही गावात होते. तेही सांगा. देवळाच्या दारात काय चालावं हे विचारणं म्हणजे द्वेष नाही.

त्र्यंबकचा

होते. विचारणं चूक नाहीच. गावात विचारलं असतं तर गावात उत्तर मिळालं असतं.

मालेगावकर

मला मूळ धाग्यातलं सगळं पटत नाही, आणि मी रोखठोकच्या बाजूनेही नाही.

राईनपाडा घडलं त्याच १ जुलैच्या रात्री आमच्या मालेगावात तीच अफवा होती. एक भटकं कुटुंब, सोबत दोन वर्षांचं मूल. शेकडोंचा जमाव. जमाव आमच्याच लोकांचा, मुसलमानांचा, हे मी लपवणार नाही. आणि त्यांना ओढून स्वतःच्या घरात घेणारा, दार लावून उभा राहणारा माणूसही आमच्यातलाच. पोलिस आले, सगळे वाचले. अफवेला धर्म नव्हता, भाषणही लागलं नाही. तेव्हा प्रत्येक वेळी पुढाऱ्याकडे बोट दाखवून चालणार नाही.

पण आम्ही टीव्ही बारा महिने सोसतो. २००६ च्या स्फोटांत स्फोट आमच्या कबरस्तानाजवळ, मेलेले आमचे, आणि पकडलेही आमचेच. टीव्हीवर त्यांना ‘आरोपी’ क्वचितच म्हटलं, ‘अतिरेकी’च म्हटलं. एप्रिल २०१६ ला कोर्टाने त्यांना आरोपांतून मुक्त केलं. मग २००८ चा स्फोट. तिथे आरोपी हिंदू होते, आणि काही पुढाऱ्यांनी, काही चॅनेलांनी सगळ्या धर्मालाच ‘भगवा दहशतवाद’ हा शब्द चिकटवला. ३१ जुलै २०२५ ला तेही सातही जण निर्दोष सुटले. स्फोट कुणी केले ते आमच्या मेलेल्यांच्या घरच्यांना आजही माहीत नाही, शिव्या मात्र दोन्ही समाजांना मिळाल्या. मला राग त्याचा आहे.

रोखठोक_देवळाली

मालेगावकर, हे मनापासून पटलं. २००८ च्या वेळी त्या शब्दाने मलाही लागलं होतं. माझा काही संबंध नसताना ऑफिसात लोक माझ्याकडे बघून बोलायचे.

गंगाघाट

मग रोखठोक, तुम्हाला जे एकदा लागलं, ते धारवाल्याला रोज लागतं.

मालेगावकर, भाषणाशिवायही जमाव होतो, हे मी मान्य करतो. राईनपाड्याच्या मागे कुणाची सभा नव्हती. माझी मांडणी तिथे सैल होती. पण ऑगस्ट २०२४ ची ती धुळे-मुंबई गाडी घ्या. आपल्या इगतपुरीजवळ ७२ वर्षांच्या म्हाताऱ्याला डब्यातल्या पोरांनी गोमांसाच्या संशयावरून मारलं, आणि व्हिडिओ त्यांनीच काढला. गुन्हा करणारा पुरावा लपवतो. या पोरांनी तो पसरवला, कारण शाबासकी मिळेल असं त्यांना वाटलं. ही खात्री त्यांना अफवेने दिली नाही.

कायद्याच्या बाबतीत तुमची भीती मला खरी वाटते. कलम वाढवा असं मी म्हणत नाही. भाषण झाल्यावर त्याच व्यासपीठावरचा दुसरा माणूस उठून ‘हे चूक आहे’ म्हणेल का, जाहिरात देणारा दुकानदार चॅनेलला विचारेल का, एवढंच मला बघायचं आहे.

कॉलेजरोड

मला एक सांगायचंय. तो मुलं पळवण्याचा मेसेज जूनमध्ये मीही पुढे पाठवला होता. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. हात जोडलेला इमोजी लावून तीन ग्रुपवर टाकला. ‘खरं-खोटं माहीत नाही, पण सावध असलेलं बरं’ असं वर लिहिलं. हा धागा वाचून शोधला, तर तो अजून तिथेच आहे, खाली बावीस जणींचे धन्यवाद. काल प्रत्येक ग्रुपवर लिहिलं, की हे खोटं होतं आणि मी पाठवलं होतं. एकीने फोन करून विचारलं, तुला काही झालंय का?

रोखठोक_देवळाली

हात उचलणाराच पहिला दोषी, यावरून मी हलणार नाही. पण तो मुलगा जे बोलला, ‘रोज दाखवतात ना’, ते डोक्यातून जात नाहीये. माझा मुलगा त्याच वयाचा आहे, आणि आमच्याकडेही जेवताना तेच लावलेलं असतं.

गंगाघाट, त्या धारवाल्याचं पुढे काय झालं?

गंगाघाट

सायकल घेऊन गेला. पोलिसांत जायचं का विचारलं, तर मान हलवून नको म्हणाला. सुऱ्या आम्ही ज्याच्या त्याला परत केल्या. काकूंच्या सुरीला एकाच बाजूने धार लागली आहे. वीस रुपये ठरले होते, ते द्यायचे राहिले. काकूंनी ती नोट माझ्याकडे दिलीय, म्हणून शनिवारी पवननगरच्या बाजारात शोधून आलो. दिसला नाही. उद्या उत्तमनगरकडे जाऊन बघतो.