जोई रामोनचा पहिला सोलो अल्बम कसा ऐकावा?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)
नमस्कार. आमचा तिघांचा पंक (वेगवान, जोरकस रॉक) बँड गेल्या वर्षी फुटला. सरावाच्या खोलीत आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीला लावलेल्या गाद्या अजून तशाच आहेत आणि आता तिथेच मी एकटा माझी गाणी रेकॉर्ड करतो आहे. त्या निमित्ताने ‘रामोन्स’ या अमेरिकन पंक बँडचा गायक जोई रामोन याचा ‘डोन्ट वरी अबाउट मी’ पुन्हा पुन्हा ऐकतो. एप्रिल २००१ मध्ये तो लिम्फोमाने (एक प्रकारच्या कर्करोगाने) गेला आणि अल्बम २००२ मध्ये आला. पहिलेच गाणे, ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’, ऐकताना गळा दाटून येतो. पण ते गाण्यामुळे की त्याच्या मृत्यूमुळे, हे मला उमगत नाही. गायकाने यातून काय घ्यावे?

उत्तर (नाशिकरोड)
लुई आर्मस्ट्राँगने १९६७ मध्ये संथपणे गायलेले ते गाणे जोई पंकच्या वेगात गातो, तरीही एकही शब्द चिरडत नाही, आणि माझ्या मते गळा दाटतो तो त्यामुळेच. ‘रामोन्स’च्या १९७६ च्या पहिल्या अल्बममध्ये अर्ध्या तासाच्या आत १४ गाणी आहेत; बँडचा गिटारवादक जॉनी याचा हात गिटारवर सतत वरून खालीच येत असे आणि आवाजाच्या त्या भिंतीसमोर जोईला सूर धरून उभे राहावे लागे. रॉनी स्पेक्टर ही त्याची आवडती गायिका होती (१९९९ मध्ये त्याने तिच्या रेकॉर्डच्या निर्मितीतही भाग घेतला), हे एकदा लक्षात आले की त्याचे लांबवलेले स्वर कुठून आले ते कळते. काही गाणी थेट ‘रामोन्स’ची वाटतात, ढोलांवर ‘रामोन्स’चाच मार्कीही आहे, एकट्याने गायचे म्हणजे जुने सारे टाकून द्यायचे, असे त्याने मानले नाही, आणि मला ते पटते.

उत्तर (पंचवटी)
वरील मताशी मी सहमत आहे, परंतु कृपया हा अल्बम दयेने ऐकू नका. रुग्णालयातल्या खाटेवरचे, पडलो तरी उठेन म्हणणारे गाणे त्यात आहे, हे खरे. पण शेअर बाजाराच्या बातम्या देणाऱ्या मारिया बार्टिरोमो या पत्रकारावरचे एक गाणे आहे आणि ‘स्टूजेस’ या बँडचे ‘१९६९’ हे गाणेही आहे. ज्याला टीव्हीवरच्या बाजारभावांत एवढा रस होता, त्या माणसाला केवळ मरणाच्या दारातला गायक ठरवणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

उत्तर (सातपूर)
एक करून पाहा: गिटारचे डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा परिणाम) पूर्ण बंद करा आणि एकच गाणे गाऊन रेकॉर्ड करा.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री डिस्टॉर्शन बंद करून गायलो. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द मी गिळतो, हे बँडमध्ये असताना चार वर्षांत एकदाही ऐकू आले नव्हते. जोईचे ते पहिले गाणे त्यानंतर लगेच लावले. तो ओळ संपेपर्यंत स्वर सोडत नाही. आज त्याच गाण्याला पुन्हा बसतो आहे.