ओळखीचे गाणे नव्या गळ्यातून ऐकताना

मासुंदाकाठ (ठाणे)

कोजागरीच्या रात्री आमच्या पाचपाखाडीतल्या सोसायटीच्या गच्चीवर एका गायिकेने जुनी भावगीते गायली. त्यातले एक गाणे आठ दिवस झाले तरी मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे. गायिकेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव आले की बोलणे गाण्यावर न राहता माणसावर जाते. एवढेच सांगते की त्या नोकरी सांभाळून गातात आणि त्या रात्रीपर्यंत आमच्यापैकी कोणीही त्यांना ऐकलेले नव्हते.

गाणे होते ‘तोच चंद्रमा नभात’. शब्द शांता शेळके यांचे, चाल सुधीर फडके यांची आणि आवाजही त्यांचाच. रेडिओवर, कॅसेटवर, गडकरी रंगायतनातल्या कार्यक्रमांत आणि तलावपाळीच्या दिवाळी पहाटेला मी ते इतक्या वेळा ऐकले आहे की ते चांदण्यातल्या भेटीचे एक गोड गाणे, अशीच त्याची खूणगाठ माझ्या मनात बसली होती. कोजागरीला ते गायले जाते तेही बहुधा याच समजुतीने. वास्तविक ते प्रेम विझून गेल्याचे गाणे आहे. चंद्र तोच, रात्र तीच, दोन्ही माणसे तीच, आणि तरीही जे हवे होते ते उरलेले नाही, असे कवितेत स्वच्छ लिहिले आहे. ते माझ्या कानांवर चाळीस वर्षे पडत होते, पण आत पोहोचले नव्हते.

गायिकेने पहिले कडवे नेहमीसारखे गायले. दुसऱ्या कडव्यात ‘कुठे’ हा शब्द दोनदा येतो. पहिल्यांदा त्यांनी तो खरोखर विचारला आणि दुसऱ्यांदा उत्तर ठाऊक असल्यासारखा नुसता खाली ठेवला. शेवटच्या कडव्यापूर्वी त्यांनी तबल्याला हाताने थांबण्याची खूण केली. ‘भंगल्या सुरांतुनी’ या शब्दांवर त्यांचा स्वर मध्येच तुटला आणि पेटीही त्याच्याबरोबर विझल्यासारखी झाली. आटवलेल्या दुधाच्या पेल्यांवर साय धरली होती, पण कोणी पेल्याला हात लावला नाही.

माझे म्हणणे असे आहे की सगळ्यांना पाठ असलेले गाणे जो गायक पुन्हा कविता म्हणून वाचतो आणि मग गातो, तो मूळ गाण्याचा मान राखतो. हुबेहूब नक्कल करणारा फक्त ध्वनिमुद्रिकेचा मान राखतो. आपणांस काय वाटते?

सेक्टर सतरा (वाशी)

आपला अनुभव खरा आहे याविषयी मला शंका नाही. आपण त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

नाट्यपद आणि भावगीत यांच्या प्रकृतीत फरक आहे. नाट्यपदात संगीतकार गायकासाठी जागा मोकळी ठेवतो आणि गायकाने ती आपल्या तालमीप्रमाणे भरावी अशी अपेक्षाच असते. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद जितेंद्र अभिषेकी यांनी सलगवराळी आणि धानी अशा दोन रागांत बांधले, कारण दोन घराण्यांची गायकी हाच त्या नाटकाचा विषय होता. भावगीत तसे नसते. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत बसवायचे म्हणून शब्द, श्वास, मधले वाद्यांचे तुकडे, एखाद्या अक्षरावर किती थांबायचे, हे सगळे संगीतकाराने मोजून ठरवलेले असते. बाबूजींसारखा (म्हणजे सुधीर फडके यांच्यासारखा) शब्दोच्चाराविषयी काटेकोर संगीतकार असेल तर ते मोजमाप अधिकच नेमके. तेथे तबला थांबवणे म्हणजे बांधलेल्या घराची एक भिंत काढण्यासारखे आहे.

दुसरे असे की बाबूजी ती शेवटची ओळ गाताना आवाज मोडत नाहीत. भंगलेल्या सुरांविषयीची ओळ ते अभंग सुरात म्हणतात, आणि दुःख पचवलेला माणूस बोलतो आहे असे आपल्याला वाटते ते त्यामुळेच. ‘भंगल्या’ म्हणताना स्वर भंगायचा, ‘अश्रू’ म्हणताना आवंढा गिळायचा, हा शब्दाचा अर्थ नव्हे, शब्दाचे चित्र झाले. दूरदर्शनवरील स्पर्धांत आज प्रत्येक मूल हेच करते आणि परीक्षक डोळे पुसतात. आपली गायिका त्या मुलांपेक्षा फार वरच्या दर्जाची असेल, तरीही वाट तीच आहे.

कायद्याचीही एक बाजू आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतरचा कॉपीराइट कायदा जुन्या गाण्याचे नवे ध्वनिमुद्रण करायला काही अटींवर मुभा देतो, पण मूळ शब्दांत आणि संगीतात मालकाच्या संमतीशिवाय अनावश्यक बदल करायला देत नाही. गच्चीवरच्या बैठकीला हे कलम लागू नाही. तरीही त्यामागचा विचार मला योग्य वाटतो.

निवृत्त शिक्षिका (नौपाडा)

मी त्या रात्री गच्चीवर नव्हते, त्यामुळे स्वर तुटला तो योग्य की अयोग्य हे मी सांगू शकत नाही. शब्दांविषयी मात्र एक गोष्ट सांगावीशी वाटते.

या गीतामागे शीला भट्टारिका या प्राचीन कवयित्रीचा मानला जाणारा, ‘यः कौमारहरः’ या शब्दांनी सुरू होणारा संस्कृत श्लोक आहे. काव्यशास्त्राच्या अभ्यासात तो हटकून भेटतो, कारण मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त तो उदाहरण म्हणून घेतला आहे. श्लोकात बोलणारी स्त्री आहे. ज्याने आपले कौमार्य हरले तोच आज पती आहे, चैत्रातल्या रात्री त्याच आहेत, कदंबावरून येणारा वारा तोच आहे, मीही तीच आहे, आणि तरीही रेवेच्या काठी वेताच्या झाडाखाली झालेल्या त्या भेटींसाठी माझे मन झुरते, असे ती म्हणते. शांताबाईंनी हा श्लोक मराठीत आणताना बोलणारा पुरुष केला आणि ओढ जिवंत असण्याऐवजी ती संपल्याचे दुःख लिहिले.

म्हणजे एका स्त्रीने लिहिलेली स्त्रीची भावना, दुसऱ्या स्त्रीने पुरुषाच्या तोंडी घातली आणि ती पुरुषाच्या गळ्यातून आपल्यापर्यंत आली. आता ती एका स्त्रीच्या गळ्यातून ऐकू येत असेल तर ज्याला आपण मूळ म्हणतो त्याच्याही मागचे काहीतरी तिथे ऐकू येण्याची शक्यता आहे. मासुंदाकाठ, एक विचारते. गायिकेने क्रियापदे बदलली होती का? ‘शोधितो’चे ‘शोधिते’ केले होते का?

मासुंदाकाठ (ठाणे)

बाई, नाही. ‘शोधितो’ असेच गायले, आणि ते खटकलेही नाही. श्लोकाविषयी मला काहीच माहीत नव्हते. आपण लिहिलेत ते दोनदा वाचले.

सेक्टर सतरा, संगीतकाराने सगळे मोजून ठरवलेले असते हे मी मान्य करते. पण याच बाबूजींचे ‘गीतरामायण’ घ्या. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून त्यातली ५६ गीते पहिल्यांदा ऐकवली गेली तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके असे अनेक गायक निरनिराळ्या पात्रांसाठी गात होते. पुढे बाबूजींनी सगळी गीते स्वतः मंचावर गायली आणि आज बहुतेकांना कौसल्या आणि सीताही त्यांच्याच आवाजात आठवतात. मग त्या गीतांचे मूळ रूप कोणते धरायचे?

सेक्टर सतरा (वाशी)

ज्याने चाल बांधली त्याने ती स्वतः गायली, तर तो स्वतःच्याच घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला. पाहुण्याची गोष्ट वेगळी. शिवाय बाबूजींनी ती गीते गाताना कौसल्येसाठी रडवा आवाज काढला नाही. आपले उदाहरण माझ्याच बाजूने बोलते.

शिक्षिकाबाईंचा मुद्दा अधिक विचार करायला लावणारा आहे. मी हे गाणे असंख्य वेळा ऐकले, पण बोलणारा कोण आणि तो कोणाशी बोलतो आहे, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

ऐरोलीकर

मी सव्वीस वर्षांचा आहे आणि हे गाणे मला माहीत नव्हते. त्या रात्रीची मोबाइलवरची एक तुकडा-चित्रफीत आमच्या कुटुंबाच्या गटावर आली, त्यात शेवटचे कडवे होते. खरे सांगायचे तर माझ्यावर काहीच परिणाम झाला नाही. आवाज चांगला आहे, पण मागे लिफ्टचा आवाज आहे, कोणाचे तरी मूल रडते आहे, आणि स्वर कुठे तुटला हे मला दुसऱ्यांदा ऐकल्यावर समजले.

नंतर मी मूळ ध्वनिमुद्रण शोधून ऐकले. रात्री साडेअकरा वाजता महापे येथून कंपनीच्या बसने घरी येत होतो. शेवटच्या कडव्यात गायक इतका शांत आहे की मला काही सुचेनासे झाले. त्यामुळे मी वयाने नव्या बाजूचा असूनही माझे मत सेक्टर सतरा यांच्याकडे झुकते. काकू, तुम्ही जे अनुभवले त्यात गच्ची, चंद्र आणि चाळीस वर्षांची ओळख यांचा वाटा किती आणि गायिकेचा किती? चाळीस वर्षे ते गाणे ऐकलेले नसते तर ते तुटणे तुम्हाला जाणवले असते का?

मासुंदाकाठ (ठाणे)

जाणवले नसते. तुझा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर देताना मला काही लपवायचे नाही. ओळखीच्या गाण्यात पुढचा स्वर आपल्या कानात आधीच येऊन थांबलेला असतो, आणि तो आला नाही की ती रिकामी जागा ऐकू येते. अनोळखी गाण्यात रिकामी जागा कुठे आहे हेच कळणार नाही. पण मग हेही मान्य कर की ती जागा ऐकू येण्यासाठी मूळ गाणे माझ्यात पूर्ण शाबूत असावे लागते. गायिकेने बाबूजींना पुसले नाही. त्या गात असताना बाबूजी माझ्या कानात गातच होते, आणि त्या दोघांच्या मधल्या अंतरात मला कविता ऐकू आली. ज्ञानेश्वरांची विराणी लताबाईंच्या आवाजात ऐकणाऱ्या वारकऱ्यालाही आपल्या फडावरची चाल अशीच सोबत ऐकू येत असेल.

पेटीवाला (कळवा)

त्या रात्री पेटीवर मीच होतो. दोन्ही बाजूंनी ज्या जागेवर इतके लिहिले जात आहे, तिथे नेमके काय घडले ते सांगणे मला माझे कर्तव्य वाटते.

पहिली गोष्ट अशी की ताईंनी चालीतला एकही स्वर बदललेला नाही. काळी चारमध्ये गायल्या, म्हणजे पट्टी बदलली, आणि शेवटच्या कडव्यात ठेका नव्हता. याशिवाय बदल नाही. दुसरी गोष्ट, त्यांचा आवाज फुटला नाही. ‘भंगल्या’वरच्या मिंडेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड सरकत जाताना, त्यांनी आवाज कमी केला आणि मिंड पुरी होण्याआधी सोडून दिली. सेक्टर सतरा यांना वाटते तसा आवंढा त्यात नव्हता. तुटल्याचा भास झाला त्याला कारण मी आहे. त्यांचा स्वर इतका खाली गेलेला पाहून माझा डावा हात भात्यावर आपोआप थांबला. भात्यात थोडी हवा होती, तिच्यावर पेटीचा स्वर क्षणभर रेंगाळला आणि पडला. कडव्याच्या शेवटापर्यंत पेटीने स्वर धरून ठेवायचा असे तालमीत ठरले होते. माझ्याकडून ते झाले नाही.

सेक्टर सतरा (वाशी)

आपण हे लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. मी न ऐकलेल्या गोष्टीला ‘शब्दाचे चित्र’ म्हणालो, तेवढे शब्द मागे घेतो. मिंड सोडून देणे हा मोह आवरण्याचा प्रकार आहे आणि तो मला अमान्य नाही. ठेका काढण्याला माझा विरोध कायम आहे, कारण त्या गाण्यात काळ पुढे जात राहतो आणि ठेका तो काळ दाखवतो. माणसे बदलली तरी रात्र थांबत नाही. मला एवढेच जाणून घ्यायचे आहे की मिंड सोडणे हे ताईंनी विचारपूर्वक ठरवले होते का. ठरवले असेल तर तो अर्थ लावणे आहे, आणि त्या क्षणी घडून गेले असेल तर मासुंदाकाठ यांचा मूळ मुद्दाच नव्याने मांडावा लागेल.

पेटीवाला (कळवा)

तालमीत त्यांनी मिंड प्रत्येक वेळी पुरी घेतली होती. कार्यक्रमानंतर मी हार्मोनियम पेटीत ठेवताना त्यांना त्या जागेविषयी विचारले, तर त्या म्हणाल्या की तबला थांबल्यावर मागच्या बाजूला बसलेल्या एक आजी ते कडवे ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या, आणि त्यांच्या आवाजावर आपला आवाज जाऊ नये एवढेच तेव्हा मनात होते. मला त्या आजी दिसल्या नव्हत्या, कारण मी पेटीकडे पाहत होतो.

पुढच्या महिन्यात विष्णुदास भावे नाट्यगृहाच्या जवळच एका घरी बैठक आहे आणि हेच गाणे घ्यायचे आहे. ठेका काढायचा की ठेवायचा हे सेक्टर सतरा यांचे म्हणणे वाचून दाखवून मी ताईंना विचारेन. भाता मात्र या वेळी मी थांबवणार नाही.