मागच्या बाजूची धूळ, रात्रीचा धूर : तक्रार कुणाकडे करायची?

बी-७०३ : सुप्रभात. बाल्कनीच्या कठड्यावर आज पुन्हा राखाडी थर बसलाय. कालच संध्याकाळी पुसला होता. पोराचा खोकला दोन आठवडे हटत नाहीये. मागच्या टॉवरचं काम, त्याला लागून आरएमसी (तयार काँक्रीटचा) प्लांट. सोसायटीची कमिटी काही करणार आहे का?

सी-४०४ : मी सरकारच्या समीर ॲपवर पाहिलं. एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, १३२, म्हणजे 'मध्यम'. तक्रार केली तर हाच आकडा आपल्या तोंडावर फेकतील.

ए-२०१ काकू : कसलं मध्यम? रात्री अकरानंतर प्लास्टिक जळल्याचा वास येतो. खिडक्या लावून बसते तरी येतो. काल मला दम्याचा पंप घ्यावा लागला.

डी-६०२ काका : मी पालिका, मुख्यमंत्री कार्यालय, पर्यावरणमंत्री, सगळ्यांना टॅग करून ट्विट केलंय. सगळ्यांनी रिट्विट करा.

सेक्रेटरी : काका, ट्विट राहू द्या, पण त्यावर अवलंबून नको. त्याची पोच मिळत नाही आणि पाठपुरावा कुणाकडे करायचा हेही कळत नाही. सगळ्यांनी जरा वाचा, मोठं लिहितेय.

आधी त्या १३२ बद्दल. तो आकडा आपल्या गल्लीतला नाही, जवळच्या मोजणी केंद्रावरचा आहे. शिवाय धूलिकणांचा निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर काढतात. रात्री तासभर कचरा जळला तर तो त्या सरासरीत विरून जातो. काकूंच्या छातीला मात्र तो तासच भोवतो. म्हणून ॲपवर आकडा कमी दिसला तरी तक्रार मागे घ्यायचं कारण नाही. अधिकाऱ्याला शहराची हवा कशी आहे ते सांगायचं नाहीये, कुठून काय उडतंय ते दाखवायचं आहे.

आणि आपल्याकडे एक नाही, तीन तक्रारी आहेत.

बांधकामाची धूळ पालिकेच्या वॉर्ड ऑफिसची. २५ ऑक्टोबर २०२३ ला मुंबई महापालिकेने बांधकामांसाठी नियम काढले. एक एकरापेक्षा मोठ्या जागेला भोवती ३५ फूट उंच पत्रे, लहान जागेला २५ फूट. बांधकामाला हिरवं कापड किंवा ताडपत्री, माती-खडी हलवताना पाणी मारणं, बाहेर पडणाऱ्या गाड्यांची चाकं धुणं, सगळं त्यात लिहिलंय. पाळलं नाही तर काम थांबवायची नोटीस देता येते. त्यामुळे 'खूप धूळ येते' असं लिहू नका. 'पूर्वेकडच्या बाजूला पत्रे नाहीत, पाणी मारत नाहीत, गेटवर चाकं धूत नाहीत' असं लिहा. पहिल्या वाक्याला 'पाहतो' एवढं उत्तर मिळतं, दुसऱ्यासाठी माणूस जागेवर पाठवावा लागतो.

आरएमसी प्लांटचं वेगळं. तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रावर चालतो, १९८१ च्या हवा कायद्याखाली. त्या पत्रात अटी असतात. मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याच्या नावाने अर्ज करायचा, 'संमतीच्या अटी पाळल्या जातात का याची पाहणी करावी' म्हणून. संमतीपत्राची प्रत मिळाली नाही तर माहिती अधिकारात मागू. दहा रुपये फी आणि ३० दिवसांची मुदत.

रात्री जळणारा कचरा पालिकेच्या घनकचरा विभागाचा. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने देशभरासाठी दंडही ठरवला होता : साध्या जाळण्याला ५ हजार, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५ हजार. पण हे सकाळी सांगून उपयोग नाही, तोवर राख उरते. जळत असतानाच पालिकेच्या १९१६ या मदत क्रमांकावर फोन करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

सी-४०४ : मग एकच मेल करू ना. पालिका, मंडळ, आरटीओ, सगळे सीसीमध्ये.

सेक्रेटरी : तेच टाळायचं आहे. मेल पाच जणांना गेला की प्रत्येकाला वाटतं बाकीचे चौघे बघतील. एका अर्जात एकच विषय आणि एकच खातं.

बी-७०३ : मिक्सरच्या गाड्या काळा धूर सोडतात, त्याचं काय?

सेक्रेटरी : गाडीचा नंबर दिसेल असा फोटो काढायचा आणि आरटीओ किंवा वाहतूक पोलिसांकडे द्यायचा. राडारोड्याचा डंपर उघडा दिसला तर तो फोटो वॉर्ड ऑफिसला. नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयानेही अशा गाड्या पूर्ण झाकलेल्या हव्यात असं बजावलं होतं.

ए-२०१ काकू : आणि गॅससारखा वास आला तर? मागे सगळ्या उपनगरांत आला होता बघा.

सेक्रेटरी : हो काकू, सप्टेंबर २०१९ मध्ये. तेव्हा अर्ज-बिर्ज काही नाही. थेट अग्निशमन दलाला १०१ वर फोन करायचा. आणि दिव्याची बटणं चालू-बंद करू नका.

बी-१०२ : माझ्याकडे पीएम, म्हणजे हवेतले बारीक धूलिकण, मोजायचं छोटं यंत्र आहे. काल रात्री २१० दाखवलं. ते जोडू का?

सेक्रेटरी : जोडा, पण पुरावा म्हणून त्यावर भिस्त नको. दमट हवेत ही यंत्रं जास्त आकडा दाखवतात, आणि ते समोरच्यालाही माहीत असतं. एखादा दिवस धुराशिवाय गेला तर त्या रात्रीचा आकडाही टिपून ठेवा. दोन्ही शेजारी ठेवले की फरक बोलतो. फोटोवर तारीख, वेळ, ठिकाण दिसलं पाहिजे.

डी-६०२ काका : बिल्डरचा साइट इंजिनिअर माझ्या ओळखीचा आहे. आधी बोलून बघू का? संबंध कशाला बिघडवायचे.

सेक्रेटरी : जरूर बोला काका, त्याने पाणी मारायला सुरुवात केली तर चांगलंच. पण अर्ज त्यासाठी थांबणार नाही. तोंडी ठरलेलं इंजिनिअर बदलला की संपतं.

अजून एक, आणि हे मला मनापासून वाटतं. आपला सफाईवाला पाचोळा मागे जाळतो, आणि थंडीत वॉचमन शेकोटी पेटवतात. आपल्या आवारातून धूर निघत असताना शेजारच्यांवर बोट दाखवता येणार नाही. पण त्या दोघांना ओरडून काय मिळणार? पाचोळा नेण्याची सोय आपण केली नाही, रात्री दारावर उभं राहणाऱ्याला ऊबही दिली नाही. चौकीत एक हीटर आणि पाचोळ्यासाठी खताचा खड्डा, दोन्हीचा खर्च मेंटेनन्समधून घ्यावा असं माझं मत आहे.

बी-७०३ : हीटरला माझा पाठिंबा.

ए-२०१ काकू : माझाही. आणि पाचोळ्याचं खत मला कुंड्यांना हवंय.

सी-४०४ : मॅडम, कमिटीचं लेटरहेड वापरायचं की सह्या घ्यायच्या?

सेक्रेटरी : दोन्ही. लेटरहेडवर अर्ज आणि मागे सह्यांचं पान. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी स्वतःहून लिहायचं असेल तर लिहावं, सक्ती नाही. दोन प्रती काढायच्या, एकीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्यायचा. तो नसेल तर पुढच्या वेळी कुणी ओळख दाखवत नाही. दोन आठवड्यांत पाहणी झाली नाही तर तोच क्रमांक लिहून वॉर्डच्या सहायक आयुक्तांना स्मरणपत्र. तरीही हललं नाही तर वकिलाशी बोलून पुण्यातल्या हरित लवादाच्या खंडपीठाचा विचार करू. आत्ताच त्याची भाषा नको.

डी-६०२ काका : वॉर्ड ऑफिसला मी जातो. निवृत्त माणूस, रांगेत उभा राहीन.

सेक्रेटरी : धन्यवाद काका. मंडळाकडे मी जाते. बी-७०३, आज दुपारी गच्चीवरून पत्र्यांचे फोटो काढाल का? पूर्वेची बाजू दिसली पाहिजे, आणि गेटवरून बाहेर पडणाऱ्या एखाद्या गाडीची चाकं.

बी-७०३ : चार वाजता काढतो. तेव्हाच गाड्या सुटतात.

बी-१०२ : रात्री धुराची वेळ मी लिहून ठेवतो. ए विंगमधून कुणी सोबत आहे का? दोन्ही बाजूंच्या नोंदी असल्या तर वारा कुठून येतो तेही कळेल.

ए-२०१ काकू : मी आहे. झोप तशीही लागत नाही. वहीत लिहू की इथे टाकू?

सेक्रेटरी : वहीत लिहा काकू, वेळ आणि वास कसला ते. पण धूर दिसला की लिहिण्याआधी १९१६.