रिझर्व्ह बँकेची फीड कोण वाचतं म्हणे!

खडकीकर:
काल इथेच एकांनी लिहिलं, 'रिझर्व्ह बँकेची आरएसएस फीड लावणारे अजून आहेत? गूगल रीडर २०१३ मध्ये बंद पडलं तेव्हाच हे प्रकरण संपलं. महत्त्वाचं असेल ते व्हॉट्सॲपवर येतंच.' त्या 'येतंच'साठी हा धागा. नवख्यांसाठी: फीड लावली की संकेतस्थळावरचं नवं पत्रक आपल्या 'रीडर' ॲपमध्ये आपोआप येतं; गूगल रीडर त्यातलंच एक.

काय येतं? दहाचं नाणं बंद झालं, हे येतं. चौदाही प्रकारची नाणी चालतात, असं पत्रक रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये काढलं. ते कुणी फॉरवर्ड केलं का? आमचा भाजीवाला अजून नाणं उलटंसुलटं बघून परत देतो. फीडमध्ये मूळ पत्रक येतं, मधे कुणाचा काका नाही. नंबर, ईमेल, लॉगिन काही द्यावं लागत नाही. प्रेस रिलीज, अधिसूचना, भाषणं, टेंडर यांच्या फीड वेगवेगळ्या आहेत. मी पहिल्या दोनच घेतो. भाषणांसाठी आधी निवृत्त व्हावं लागेल.

मुदतठेव:
ते एक म्हणजे मीच, नाव घ्यायला हरकत नव्हती. पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध लागले २३ सप्टेंबर २०१९ ला, कामकाज संपल्यावर. जाहीर झालं २४ ला. फीडवाल्याला हजार रुपये काढता आले, बिनफीडवाल्यालाही हजारच. तुम्ही काय कमावलंत?

खडकीकर:
त्यानंतरचं कमावलं. पैसे काढायची मर्यादा हजाराची दहा हजार झाली, मग पंचवीस, मग चाळीस. प्रत्येक वेळी ग्रुपवर 'बँक बुडाली, लायसन्स गेलं' चालू होतं. निर्बंध म्हणजे परवाना रद्द नव्हे, हे पत्रकातच लिहिलेलं असतं. वाचायचे कष्ट घेतले तर.

नीट_वाचा:
आणि दंडाची पत्रकं विसरलात. सहकारी बँकांना दंड झाल्याची पत्रकं सतत येत असतात. आपली बँक दोनदा दिसली की मी ठेव हलवतो.

मुदतठेव:
त्याच पत्रकात शेवटी असतं की ग्राहकांच्या व्यवहारांच्या वैधतेवर हे भाष्य नाही. दंड मोठमोठ्या खासगी बँकांनाही होतो. तिथून हलवलीत? नाव 'नीट वाचा' आणि वाचता अर्धंच.

डोंबिवली_फास्ट_नाही:
फीडचं राहू द्या. आमच्या सोसायटीचा दुरुस्ती निधी एका नागरी सहकारी बँकेत अडकलाय. चेअरमनचे साडू तिथे संचालक, म्हणून अर्धा टक्का जास्त व्याजाला सगळा पैसा तिथेच. ठेवींवरचा विमा पाच लाखांचा, पण सोसायटी म्हणजे एकच ठेवीदार! सगळ्या सभासदांत मिळून पाच लाख, तेही मुद्दल-व्याज धरून. गळती तशीच, छताला ताडपत्री.

पेठेतला_दुकानदार:
झालं, निघाले सहकारी बँकांना झोडपायला. माझ्या वडिलांना राष्ट्रीयीकृत बँकेने दारात उभं केलं नव्हतं. पहिलं कर्ज नागरी बँकेने दिलं, ओळखीवर. त्यावर हे दुकान उभं आहे.

डोंबिवली_फास्ट_नाही:
ओळखीवर, बरोबर. आमचेही पैसे कुणाच्या तरी ओळखीवरच गेले.

पेठेतला_दुकानदार:
जीभ सांभाळा. ती ठेव ठेवायचा ठराव सर्वसाधारण सभेत झाला असेल ना? तेव्हा हात कुणी वर केला होता?

नीट_वाचा:
२०२० च्या फेब्रुवारीआधी विमा एकच लाख होता. निर्बंध लागल्यावर नव्वद दिवसांत विम्याचे पैसे, हा कायदाही २०२१ चा. रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध लागले तेव्हा पुण्यातल्या पेन्शनरांना यातलं काहीच नव्हतं. इथे वाद कसला घालताय?

डोंबिवली_फास्ट_नाही:
म्हणजे मी आभार मानू का?

मुदतठेव:
असो. खडकीकरांच्या समाधानासाठी सकाळी फीड लावली. ट्रेझरी बिलांचा लिलाव, लिलावाचा निकाल, मनी मार्केट ऑपरेशन्स, पुन्हा लिलाव. वा! आमच्या तीर्थरूपांना हेच हवं होतं. भोंदू फॉरवर्ड एकही नाही, एवढं मान्य करतो. माणसाला उपयोगी बातमीही एकही नाही.

खडकीकर:
रीडरमध्ये फिल्टर असतो, साहेब. आपल्या बँकेचं नाव आणि 'डायरेक्शन्स' (म्हणजे निर्बंध) टाका, इंग्रजीतूनच. लिलाव दिसणार नाहीत.

मुदतठेव:
फुकटच्या रीडरमध्ये फिल्टर पैसे मागतोय.

नीट_वाचा:
दुसरा रीडर घ्या, नाहीतर ग्रुपवर बसा.

डोंबिवली_फास्ट_नाही:
आणि पुढच्या सभेत कुणी अर्ध्या टक्क्याचं बोललं, तर ठेव चार बँकांत वाटा म्हणून सांगा. आमच्या चेअरमनना मी परवा हेच म्हणालो. ते म्हणाले, साडूंना विचारून सांगतो.