जिगवर पास झाला म्हणजे बोर्ड पास झाला का? बाउंड्री स्कॅनवर पैसे घालावेत की नाही

रबाळे_टेस्टबेंच

दोन आठवडे डोक्यात हेच घोळतंय म्हणून लिहितेय. रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये मी टेस्टिंग बघते, महिन्याला साठ-सत्तर बोर्ड, आज हा कस्टमर उद्या तो. मागच्या लॉटमधला एक बोर्ड साइटवरून परत आला. त्यावर एक प्रोसेसर, एक एफपीजीए (आतलं लॉजिक आपण भरायची चिप), दोन्ही बीजीए, म्हणजे पायांऐवजी पोटाखाली सोल्डरचे बॉल असलेल्या, आणि दोघांच्या मध्ये १६ बिटची डेटा बस. आमच्या जिगवर (बोर्ड बसवून टेस्ट करायचा साचा) पास, बर्न-इनला (बराच वेळ चालू ठेवून बघायची टेस्ट) पास, हिरवा स्टिकर लावून गेलेला. साइटवर मात्र काही ठराविक आकडे आले की रीडिंग उडी मारायचं. दीड दिवस डीएसओ (डिजिटल स्कोप) घेऊन बसले, पण बॉल सगळे चिपच्या पोटाखाली आणि व्हाया (बोर्डचे थर जोडणारी भोकं) सोल्डर मास्कच्या लेपाने झाकलेले, प्रोब टेकवायचा कुठे? शेवटी ओळखीतल्या एकांकडून बाउंड्री स्कॅनचं (चिपच्या पिना आतूनच हलवून आणि वाचून जोडण्या तपासायची पद्धत) किट दोन दिवसांसाठी मागून आणलं, नेटलिस्ट (कुठली पिन कुठे जोडलीय त्याची यादी) घातली, दोन्ही चिपच्या बीएसडीएल फाइल (चिपमधल्या स्कॅन सेलची माहिती) घातल्या, इंटरकनेक्ट टेस्ट चालवली आणि स्क्रीनवर सरळ नाव आलं, बसच्या डी९ आणि डी११ या तारा शॉर्ट. बोर्डवर एक ओळ सॉफ्टवेअर न चालवता.

मग आमच्या जिगचा प्रोग्राम उघडला. तो बसवर आधी सगळे शून्य लिहून वाचतो, मग सगळे एक लिहून वाचतो, संपलं. दोन तारा एकमेकींना चिकटल्या असतील तर दोघींवर कायम तेच लिहिलं जातंय, कळणार कसं? म्हणजे इतके महिने आम्ही शॉर्ट तपासतच नव्हतो आणि स्टिकर लावत होतो. मला खरंच फार वाईट वाटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चिपची पिन आणि आतलं लॉजिक यांच्या मध्ये एक छोटी सेल असते, सगळ्या पिनांच्या सेल माळेसारख्या ओवलेल्या, टीडीआयमधून बिट ढकलायचे आणि टीडीओमधून बाहेर काढायचे, टीसीके म्हणजे क्लॉक, टीएमएस म्हणजे पुढे कुठल्या स्टेटला जायचं ते सांगणारी लाइन. एका चिपची पिन आपण हलवायची आणि दुसऱ्या चिपच्या पिनवर ते पोचलं का बघायचं. चार तारांत झालं.

माझं म्हणणं असं की कमी बोर्ड बनवणाऱ्या युनिटनेच हे आधी घ्यायला हवं, कारण खिळ्यांचा फिक्स्चर (प्रत्येक जोडणीवर एक खिळा टेकवणारा) आम्हाला प्रत्येक डिझाइनला परवडत नाही. आमचे साहेब म्हणतात लाखांत जाणारं टूल साठ बोर्डांसाठी कोण घेतं. तुमचं काय मत?

वागळे_रोड२२

ताई, तुमचा त्रास समजतो, पण तुमच्याच गोष्टीतून उलट सिद्ध होतंय. दोष टूल नव्हतं हा नाही, टेस्ट प्रोग्राम आळशी होता हा आहे. एकाआड एक बिट लिहा, मग ते उलटे करून लिहा, शॉर्ट सापडेल. दोन ओळींचा बदल, खर्च शून्य. माझं वागळे इस्टेटमध्ये मोटर ड्राइव्हचं काम आहे, १५ वर्षं फंक्शनल टेस्टवरच, म्हणजे बोर्ड चालवून बघूनच, माल जातोय. टूल घेतलं की दरवर्षी मेंटेनन्स आला, माणूस शिकवावा लागला, तो माणूस महापेला दोन हजार जास्त मिळाले की गेला.

रबाळे_टेस्टबेंच

दादा, एकाआड एकने माझा बोर्ड परत पासच झाला असता. ९ आणि ११ दोन्ही विषम, त्या पॅटर्नमध्ये दोघांवर नेहमी सारखाच बिट येतो. आणि बीजीएखाली शेजारी कोण हे बिटच्या नंबरवरून ठरत नाही, बॉलच्या जागेवरून ठरतं, डी९च्या बाजूला डी१० असेलच असं नाही. स्कॅनवाले प्रत्येक नेटला, म्हणजे जोडणीला, वेगळा आकडा देतात, सगळे शून्य आणि सगळे एक हे दोन सोडून, मग कुठल्याही दोन नेट कधीतरी वेगळ्या होतातच. १६ नेटना ५ पॅटर्न लागतात, ५०० नेट असल्या तरी ९ पुरतात. नक्की कोण कोणाला चिकटलंय हे नीट कळावं म्हणून तेच उलटे करून परत पाठवायचे, म्हणजे दुप्पट. हे गणित मला किट आणल्यावर कळलं आणि तेव्हापासून मी आमच्या हिरव्या स्टिकरकडे वेगळ्या नजरेने बघतेय.

वागळे_रोड२२

विषमचा मुद्दा मान्य, तिथे माझं चुकलं. पण मग वॉकिंग वन लिहा ना, एकच बिट एक आणि बाकी शून्य, १६ वेळा. तुमचा प्रोसेसर जिवंत आहे, तोच लिहील. तरी टूल लागत नाही.

रबाळे_टेस्टबेंच

प्रोसेसर जिवंत असेल तर. मुद्दा तिथेच आहे. ज्या बोर्डवर प्रोसेसर बूटच होत नाही त्याच्यावर वॉकिंग वन चालवणार कोण? आमच्या कपाटात असे सात बोर्ड पडलेत, पॉवर बरोबर, क्लॉक बरोबर, कन्सोलवर एक अक्षर नाही. फंक्शनल टेस्टला आधी निम्मा बोर्ड चालावा लागतो आणि मग ती उरलेल्याबद्दल सांगते. स्कॅनला चिपला पॉवर आणि चार तारा पुरतात.

लेआउट_ऐरोली

माझ्या बाजूने थोडं. मी पीसीबी लेआउट करतो आणि टूल घ्यावं का नको याच्या आधीचा प्रश्न कोणी विचारतच नाही, बोर्डवर चेन, म्हणजे ती सेलची माळ, बाहेर काढलीय का? दहातल्या आठ स्केमॅटिकमध्ये मला जेटॅग (हे स्कॅन ज्या चार तारांवर चालतं तो पोर्ट) हेडर दिसत नाही किंवा प्रत्येक चिपचा वेगळा आणि एकाचा तर कुठेच नेलेला नाही. कस्टमर म्हणतो जागा नाही. १.२७ मिमी पिचचा दहा पिनी हेडर नखाएवढा असतो हो, आणि तोही नको तर नुसते टेस्ट पॅड द्या. दुसरं, टीसीके ही क्लॉक आहे, तिला क्लॉकसारखंच वागवावं लागतं, बोर्डभर लोंबकळत नेली की एज खराब होते आणि मग चेन कधी चालते कधी नाही आणि लोक टूलला शिव्या घालतात. तीनपेक्षा जास्त चिप असतील तर मी बफर टाकतो, सोर्सपाशी सिरीज रेझिस्टर, टीसीकेला पुलडाउन. एक चिप १.८ व्होल्टवर आणि दुसरी ३.३ वर असेल तर मध्ये लेव्हल शिफ्टर. हे नसेल तर कितीही महाग टूल आणा.

वागळे_रोड२२

हे पटलं. पण माझ्या मूळ मुद्द्याला कोणी हात लावत नाहीये. माझ्या बोर्डवर डिजिटल चिप एकच, तीही पायवाली, भिंगाखाली दिसते. बाकी ऑप्टो, गेट ड्रायव्हर, मॉसफेट, शंट, इलेक्ट्रोलिटिक. यातलं तुमचं स्कॅन काय बघतं? कॅपॅसिटर उलटा लागलाय ते सांगत नाही. शंटची व्हॅल्यू चुकली ते सांगत नाही.

आणि एक अनुभव सांगतो, कोणीतरी वाचेल. दोन वर्षांपूर्वी एका मुलाने हौसेने यूअरजेटॅग (फुकटचं जेटॅग सॉफ्टवेअर) लावून माझ्या ड्राइव्ह बोर्डवर एक्सटेस्ट (पिना सेलमधून चालवायचा स्कॅनचा मोड) चालवली. आधी प्रीलोडमध्ये सुरक्षित व्हॅल्यू भरायच्या असतात, त्या भरल्या नाहीत. एक्सटेस्ट लागली की चिपच्या आतल्या लॉजिकचा पिनांवर ताबा राहत नाही, डेड टाइम (वरचा-खालचा मॉसफेट एकदम चालू होऊ नयेत म्हणून ठेवलेली फट) वगैरे सगळं संपलं, सेलमध्ये जे पडलंय ते बाहेर. त्या गेट ड्रायव्हरला इंटरलॉक नव्हता. एकाच हाफ ब्रिजचे वरचा आणि खालचा दोन्ही मॉसफेट एकदम चालू. बेंच सप्लायला करंट लिमिट लावलेली नव्हती. फटाक्यासारखा आवाज, एका मॉसफेटचं टाळकं उडून समोरच्या काचेला लागलं. पोराच्या डोळ्यावर चष्मा होता म्हणून बरं. तेव्हापासून माझ्याकडे हे बंद.

रबाळे_टेस्टबेंच

बापरे. हे मात्र खरंच सगळ्यांनी वाचावं. आमच्याकडे रिले आहेत, मी पॉवर साइड काढूनच चालवलं होतं, पण तेही मला सांगितलं होतं म्हणून. तुमच्या ड्राइव्ह बोर्डसाठी टूल नको हे मी मान्य करते, माझा आग्रह बीजीएवाल्या बोर्डांसाठी आहे.

खिळेवाला_जुना

मी टीटीसी औद्योगिक पट्ट्यात २८ वर्षं टेस्टमध्ये काढली, त्यामुळे थोडं मागचं सांगतो. आमच्या काळात बेड ऑफ नेल्स होता, प्रत्येक नेटला एक खिळा, बोर्ड व्हॅक्युमने खाली ओढायचा. नंतर चिपचे पाय इतके जवळ आले, बोर्ड दोन्ही बाजूंनी भरायला लागले, की खिळा ठेवायला जागाच उरली नाही. त्याच अडचणीतून १९८५च्या सुमाराला कंपन्यांचा जॉइंट टेस्ट अ‍ॅक्शन ग्रुप झाला, जेटॅग हे नाव त्याचंच, आणि १९९० साली आयईईई ११४९.१ हे स्टँडर्ड आलं. आज पोरं जेटॅग म्हणजे डिबगर समजतात, मूळ कारण सोल्डर जॉइंट तपासणं हेच होतं.

पण ताई, तुम्ही जरा जास्तच विश्वास टाकताय. बीजीएचे कितीतरी बॉल ग्राउंड आणि सप्लायचे असतात, त्यांना सेल नसते. त्यातला एखादा उघडा राहिला तर बाकीचे सांभाळून घेतात आणि स्कॅन म्हणतं सगळं ठीक. हेड इन पिलो झालं असेल, म्हणजे बॉल पेस्टवर नुसता टेकलाय पण वितळून एक झालेला नाही, तर टेबलावर थंडपणी स्कॅन पास होतं आणि पॅनेलमध्ये गरम झाल्यावर जॉइंट सुटतो. शिवाय ही टेस्ट सावकाश चालणारी, बस पूर्ण वेगाने पळताना जे टायमिंग बिघडतं ते यात येत नाही. म्हणून मी आधी पैसे रिफ्लोचं (सोल्डर वितळवणाऱ्या भट्टीचं) प्रोफाइल नीट करण्यावर, पेस्ट फ्रिजमध्ये ठेवण्यावर आणि पहिल्या चार बोर्डांचा एक्स-रे बाहेरून करून घेण्यावर घातले असते. स्कॅन त्यानंतर.

रबाळे_टेस्टबेंच

काका, तुम्ही सांगताय ते सगळं करायलाच हवं, पण एक्स-रे पहिल्या चारांचा होतो, साठाव्या बोर्डाचा नाही. माझा शॉर्ट एकोणचाळीसाव्यात होता.

डिप्लोमा_फायनल

ताई मी कोपरखैरणेला राहतो, फायनलला आहे. ओपनओसीडी (फुकटचं जेटॅग सॉफ्टवेअर) आणि एफटी२२३२एच या यूएसबी चिपचा अ‍ॅडॅप्टर काही हजारांत होतो ना, मग तेवढ्यावर हे होणार नाही का? आणि सिरीयल फ्लॅश पण त्यानेच भरता येईल का?

रबाळे_टेस्टबेंच

आयडीकोड वाचायला नक्की होईल आणि तेवढंही खूप आहे बरं का. ३२ बिटचा आकडा असतो, त्यात बनवणाऱ्याचा कोड, पार्टचा नंबर, व्हर्जन. ब्रोकरकडून आलेल्या चिप लावल्यावर मी आधी हाच वाचते, दुसराच पार्ट असेल तर तिथेच कळतं. फक्त तीच चिप कमी टेंपरेचर ग्रेडची असून वर खोटं मार्किंग केलं असेल तर ते यात कळत नाही, हेही लक्षात ठेव. यूअरजेटॅगमध्ये बीएसडीएल घालून एकेक पिन हलवून बघता येते, शिकायला तेच कर. पण नेटलिस्ट वाचून पॅटर्न आपोआप बनवणं आणि कुठला बॉल ते सांगणं, पैसे त्याचे असतात.

फ्लॅशचं गणित कर. चेनमध्ये १००० सेल आणि क्लॉक १० मेगाहर्ट्झ धरलं तर एकदा पूर्ण सरकवायला १०० मायक्रोसेकंद. सिरीयल फ्लॅशला प्रत्येक बिटला क्लॉक वर आणि खाली, म्हणजे दोनदा सरकवणं आलं. १६ मेगाबाइट भरायला साडेसात तासांच्या आसपास जातात. म्हणून चांगली टूल्स एफपीजीएमध्ये छोटं लॉजिक टाकून त्याच्यातून भरतात.

वागळे_रोड२२

आणि कस्टमरने चिप लॉक करायला सांगितली तर? बऱ्याच एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरमध्ये रीड प्रोटेक्शन लेव्हल २ लावली की जेटॅग आणि बाउंड्री स्कॅन दोन्ही कायमचे बंद, परत उघडता येत नाही. साइटवरून परत आलेला बोर्ड तुम्ही स्कॅन करणारच कसा?

रबाळे_टेस्टबेंच

नाही करू शकणार. म्हणूनच लॉक करायच्या आधी स्कॅन, मग फर्मवेअर, मग लॉक, असा क्रम मी बेंचवर लिहून चिकटवलाय.

बाकी आजचं सांगते. त्याच लॉटमधले अकरा बोर्ड डिस्पॅचला पॅक झालेले होते, साहेबांशी थोडं भांडून मी ते उघडायला लावले आणि किट परत द्यायच्या आधी संध्याकाळी सातपर्यंत बसून सगळे स्कॅन केले. दोन बोर्डांवर शॉर्ट. दोन्हीवर डी९ आणि डी११.

वागळे_रोड२२

तीन बोर्डांवर एकाच जागी? मग टूलचं कोटेशन मागवायच्या आधी स्टेन्सिल (सोल्डर पेस्ट लावायचा भोकांचा पत्रा) काढून भिंगाखाली धरा.

लेआउट_ऐरोली

स्टेन्सिल बघच, पण त्या दोन बॉलच्या मधल्या व्हायावर मास्क पूर्ण बसलाय का तेही बघ. तिथे मास्क सरकला असेल तर सोल्डर त्यावरून पलीकडे जातं. गर्बर (बोर्डच्या लेआउटची फाइल) आणि त्या कोपऱ्याचा फोटो पाठव, रात्री बसतो.

रबाळे_टेस्टबेंच

गर्बर पाठवलाय दादा. फोटो उद्या सकाळी काढते, एका बोर्डची चिप रीवर्कला उचलायला सांगितलीय, खालचे पॅड उघडे झाले की लगेच.