घरखर्च सुटसुटीत करताना तुम्ही काय बंद केलंत?

घरखर्चाचा विषय निघाला की जो तो काय सुरू करायचं ते सांगतो. वही सुरू करा, अ‍ॅप घ्या, एक्सेल करा, पाकिटं करा. मला उलटं विचारायचंय. पैशांचे व्यवहार सुटसुटीत व्हावेत म्हणून तुम्ही काय बंद केलंत? एखादं खातं, एखादं कार्ड, एखादी सवय, काहीही. काटकसरीच्या युक्त्या नकोत, गुंतवणूक कुठे करावी तेही नको. आलेला पैसा घरातून जाताना डोक्याला ताप कमी कसा होईल, एवढंच. आणि तुमच्याकडे पैसा येतो कसा, महिन्याला, रोज की हंगामाला, ते आधी सांगा. त्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

सुरुवात माझ्यापासून. दोन पगार, ठाण्यात घर, मुलगी सहावीत. पगाराची खाती आपापली ठेवली आणि घरासाठी तिसरं, दोघांच्या नावाचं. दोन तारखेला दोन्हीकडून ठरलेली रक्कम आपोआप तिकडे जाते. वीज, गॅस, सोसायटी, शाळा, किराणा सगळं तिथूनच. ‘या महिन्यात कुणी भरलं?’ हा प्रश्न निकालात निघाला. कोण किती घालणार ते पगाराच्या प्रमाणात, निम्मं-निम्मं नाही. त्यावर एक अख्खा रविवार वाद झाला, पण तो एकदाच.

बंद केलं ते प्रत्येक खर्च लिहिणं. भाजी, रिक्षा, इस्त्रीवाला हे सगळं यूपीआय लाइटमधून, म्हणजे फोनमधल्या छोट्या पाकिटातून. दर सोमवारी त्यात २,००० रुपये भरते. १,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, आणि मुख्य म्हणजे खात्याच्या उताऱ्यात फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची नोंद येते, दहा रुपयांच्या कोथिंबिरीची नाही. पूर्वी उतारा पानंच्या पानं यायचा आणि त्यात वीजबिल शोधत बसावं लागायचं. आता एका पानात महिना मावतो. लाइट शुक्रवारीच रिकामं झालं तर रविवारपर्यंत घरात असेल ते शिजतं. अपवाद औषधांचा.

तुमचं सांगा.

डोंबिवली, खासगी नोकरी

मासिक बजेट मला कधी जमलं नाही, कारण आमच्याकडे दोन महिने सारखे नसतातच. जूनमध्ये शाळा, गणपतीत कोकणात जाणं, मग दिवाळी, जानेवारीत गाडीचा विमा, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये टीडीएस कापून पगार असा येतो की बघवत नाही. दर महिन्याला बजेट करायचं आणि शेवटी ‘हा महिना जरा वेगळाच गेला’ म्हणायचं.

ते सोडून दिलं आणि वर्षाचा हिशोब धरला. एक मोठा कागद, बारा रकाने. महिन्याच्या महिन्याला न येणारा प्रत्येक खर्च ज्याच्या त्याच्या रकान्यात: शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, सोसायटीचा तिमाही मेंटेनन्स, मालमत्ता कर, एलआयसी, गाडीचं सर्व्हिसिंग, गावच्या देवळाची वर्गणी, बहिणीची भाऊबीज. बेरीज केली, बाराने भागली. तेवढे पैसे पगार झाला की त्याच दिवशी दुसऱ्या बचत खात्यात जातात. त्या खात्याला कार्ड नाही आणि ते यूपीआयला जोडलेलंही नाही. मुद्दाम. कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. भाऊबीज लिहावी का यावर बायको म्हणाली, ‘ओवाळणीचं काय बजेट करता?’ पण दर वर्षी ती येतेच ना.

खातं सुरू केलं तेव्हा पुढ्यातच जून होता आणि खात्यात दोन महिन्यांचेच पैसे. म्हणून पहिल्या वर्षी बोनस सगळा तिकडे टाकावा लागला. हे कुणी सांगत नाही. बारावा हिस्सा बाजूला काढायला लागलात तरी पहिलं वर्ष उसनवारीचंच जातं.

दुसरं, भरायच्या वेळा कमी केल्या. मोबाइलचा २८ दिवसांचा रिचार्ज म्हणजे वर्षाला १३ वेळा. घरात चार फोन, म्हणजे ५२ वेळा कुणाचा तरी रिचार्ज संपायचा. सगळे वर्षाच्या प्लॅनवर टाकले. लोकलचा पासही आता तीन महिन्यांचा काढतो, त्याला मासिकाच्या २.७ पट पैसे पडतात. वर्षाचाही मिळतो, पण ऑफिस कधी हलेल याचा भरवसा नाही, त्यामुळे तिथे हात आखडता.

हातकणंगले तालुका, शेती

आमच्याकडं पगार नाही. ऊस, चार म्हशी आणि मिस्टरांच्या ट्रॅक्टरचं भाडं. पैसे कधी येतात विचारलंय तर ऐका. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी. त्यातनं पेंडीचे पैसे डेअरीच कापून घेते. उसाचं बिल वर्षाला. ऊस गेल्यापासनं १४ दिवसांत द्यायचा कायदा आहे, पण कारखाना कधी एकरकमी देतो, कधी दोन तुकड्यांत. त्यातनंही गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज आधी वळतं होतं, उरेल ते आपलं. दिवाळीला डेअरी वर्षभराच्या दुधाचा फरक, म्हणजे वरचे वाढीव पैसे, देते.

लग्न होऊन आले त्याच वर्षी सासूबाईंनी सांगितलेलं, ‘घर दुधावर चालवायचं. उसाला हात लावायचा नाही.’ आमचं बजेट ते हेच. उसातनं खत, मशागत, पाइपलाइन, पत्रा, लग्नकार्य. चहा-साखर, तेल-मीठ, पोरांचं सगळं दुधातनं. डोंबिवलीच्या दादांचं वर्षाचं बजेट, आमचं दहा दिवसांचं. पहिल्या बिलात किराणा, दुसऱ्यात लाईट बिल, शाळा आणि बचत गटाचा हप्ता, तिसरं दवाखाना-पाहुण्यांसाठी. तिसरं उरलं तर उरलं.

अडचण म्हैस आटल्यावर. चार म्हशी एकदम आटल्या तर तीन महिने हात पसरायची पाळी. म्हणून वेतं मागं-पुढं राहतील असं बघतो. दोन दूध देत असल्या की दोन गाभण. तुमची एफडी तशी आमच्यात ही.

बंद केलं ते दुकानाचं खातं. दुकानदाराच्या वहीत आमचं पान होतं. उसाचं बिल आलं की तो सांगेल तो आकडा भागवायचा. माणूस लबाड नाही, पण पोरं परस्पर जाऊन बिस्किटं आणायची, कुणी शाम्पूच्या पुड्या आणायचं, सगळं त्याच पानावर. वर्षानं कुणाला काय आठवणार? एका दिवाळीला फरक आला तो सगळा तिकडं भरला आणि पान फाडून घरी आणलं. दुकानदार म्हणाला, ‘वहिनी, राग आला का?’ म्हटलं, राग नाही, आता दहा दिवसांनी रोख नेणार. पहिले दोन-तीन महिने फार ओढाताण झाली, खोटं कशाला सांगू. पण आता शाम्पूच्या पुड्या नाहीत, मोठी बाटली येते.

अकोला, गृहिणी

मी काहीच बंद केलं नाही आणि करणारही नाही. ठाण्याच्या ताईंनी लिहिणं सोडलं, त्यांना ते जमलं असेल. मी रोज रात्री लिहिते. दुधाचे खाडे कॅलेंडरवर, बाकी वहीत. दहा मिनिटं लागतात आणि डोक्याला ताप बीप होत नाही. उलट झोप छान लागते. यांच्या पगारात तिघांची शिक्षणं झाली ती त्या वहीच्या जोरावर.

आणि वर्षाचं धान्य भरणं कुणीच कसं लिहिलं नाही? उन्हाळ्यात गहू, तूरडाळ, तिखट, हळद एकदा भरलं की वर्षभर किराण्याची यादी निम्मी. गहू उन्हात वाळवायचा, एरंडेल चोळायचं, कोठीत कडुनिंबाचा पाला घालायचा. एप्रिलात मोठा खर्च होतो, मग मोकळे. तुम्ही लोक आठवड्याला पाच किलो आटा आणता आणि म्हणता सुटसुटीत!

*(ठाण्याहून: काकू, पटलं. पण आमच्या गच्चीला सोसायटीने कुलूप घातलंय, गहू वाळवायचे कुठे?)*

पुणे, निवृत्त

मी बँकेत नोकरीला नव्हतो, पण घरातल्या मुदत ठेवींच्या पावत्या पाहून कुणालाही तसं वाटलं असतं. कुठे पाव टक्का जास्त मिळतो म्हणून नवं खातं, कुठे ओळखीचे संचालक म्हणून. प्रत्येक ठिकाणी व्याजावर कर कापू नये म्हणून दर वर्षी १५एच फॉर्म भरायचा, प्रत्येक पावतीची मुदत वेगळी. पंचाहत्तरीच्या जवळ आल्यावर ठरवलं की ठेव मुदत संपेल तशी मोडायची, खातं बंद करायचं. दोन वर्षं लागली. एका शाखेने तर खातं बंद करायला इतके हेलपाटे घालायला लावले की उघडताना दिलेला चहा वसूल झाला.

आता तीन बँका. एकच का नाही, तर ठेव विमा प्रत्येक बँकेत माणशी ५ लाखांपर्यंतच आहे, आणि त्यात मुद्दल-व्याज दोन्ही आलं. फेब्रुवारी २०२० पूर्वी तो १ लाखच होता. सहकारी बँकांत पैसे असलेल्या पुणेकराला हे फोड करून सांगायला नको. सुटसुटीतपणाच्या नादात सगळी अंडी एका टोपलीत ठेवायची माझी तयारी नाही.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं व्याज तिमाहीला येतं: एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या सुरुवातीला. मेडिक्लेम, मालमत्ता कर, सोसायटी हे त्यावर. रोजचं पेन्शनवर.

सगळ्यात मोठा बदल मात्र वेगळाच. एक महिना मी व्यवहार पाहतो, एक महिना ही. हिने तोवर एटीएमची पायरी चढलेली नव्हती. आता मीच विचारतो, ‘गॅसचं भरलंस का?’ आणि उत्तर येतं, ‘हा महिना माझा आहे.’

लातूर, स्टेशनरी दुकान

रोजची आवक. आमच्या धंद्यातला मोठा रोग म्हणजे गल्ल्यातून घर चालवणं. भाजीवाला दारात आला, काढ गल्ल्यातून शंभर. पोराची सहल, काढ. महिनाअखेर धंदा चांगला झाला की घरखर्च जास्त झाला, काही कळायचं नाही.

ते बंद. आता मी दुकानातून दर शनिवारी ‘पगार’ घेतो, ठरलेला, आणि तो घरात देतो. मध्ये गल्ल्याला हात नाही. क्यूआरचे पैसे दुकानाच्या चालू खात्यात, घरच्या खात्यात एक रुपया थेट येत नाही. रोख आहे त्यातून रोज संध्याकाळी पिग्मीवाला, म्हणजे रोजच्या ठेवीचे पैसे गोळा करणारा, २०० नेतो. पिग्मीला व्याज फारसं नाही, मुदतीआधी मोडली तर कापतात, हे मला माहीत आहे. पण तो माणूस दारात येऊन उभा राहतो, याची किंमत अ‍ॅपला नाही. मे महिन्यात वह्यांचा माल भरायला हीच पिग्मी कामी येते.

बायकोला आधी पटलं नव्हतं. तिचं म्हणणं, ‘मालकाला कसला पगार?’ आता शनिवारी पाच वाजले की तीच फोन करते.

हिंजवडी, आयटी

चार क्रेडिट कार्डांवरून एकावर आलो. पॉइंट्सच्या लोभाने घेतलेली, प्रत्येकाची बिलाची तारीख वेगळी. ठेवलेल्या कार्डाचं पूर्ण बिल खात्यातून आपोआप जातं. हे लावताना ‘किमान रक्कम’ की ‘पूर्ण रक्कम’ विचारतात, तिथे नीट बघा. किमान निवडलंत तर उरलेल्यावर महिना तीन-साडेतीन टक्के व्याज चढतं आणि आपण समजतो बिल भरलं.

यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी असते, तीही एकदा उघडा. माझ्याकडे न वापरलेलं जिम आणि मुलाचं बंद केलेलं कोडिंग, दोन्ही जिवंत होते. ऑटोपेचे पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना येते, पण त्या सूचना कोण वाचतं?

घरकामाच्या मावशींना मात्र रोखच देतो. त्यांनीच सांगितलं, खात्यात आले की मुलगा काढून घेतो.

स्टुटगार्ट

इथे सगळं खात्यातून परस्पर जातं, त्यामुळे सोपं वाटतं, पण खर्च नजरेआडही होतो. घरात टीव्ही असो-नसो, रेडिओ-टीव्हीची वर्गणी घरटी महिना १८.३६ युरो, तिमाहीला एकदम ५५.०८. पहिल्यांदा कापली गेली तेव्हा मला वाटलं कुणीतरी फसवलं! आम्ही स्थिर खर्च सगळे पगारानंतरच्या दोन दिवसांत जातील अशा तारखा मागून घेतल्या. बहुतेकांनी दिल्या. त्यानंतर खात्यात दिसतो तो आकडा खरा.

पुणे, स्पर्धा परीक्षा

घरून महिन्याला ठरलेले येतात. खोलीत चौघी. आधी ‘तुझे ३७, माझे १२’ असं अ‍ॅपवर चालायचं, त्यावरून भांडणं. आता एक तारखेला प्रत्येकीचे ५०० डब्यात; झाडू, साबण, पाण्याचा जार, कांदेपोहे त्यातून. डबा संपला की संपला. कुणी किती पोहे खाल्ले ते विचारायचं नाही, हा नियम.

डोंबिवली, पुन्हा

हातकणंगल्याच्या ताई, एक विचारायचं होतं. दुकानाचं पान फाडलंत, मग आता दिवाळीचा फरक कुठे जातो?

हातकणंगले

मागल्या वर्षी त्यातनं कडबाकुट्टीचं मशीन घेतलं. यंदा सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्या म्हणतात उसाच्या बिलापर्यंत थांबू. पण नियम त्यांचाच, उसाला हात लावायचा नाही. म्हणून फरकातनंच करणार, तारीख घेतलीय.